फॅटचा रकाना

पहाटे साडेपाचला मी संस्थेचं शटर उचलतो.
केरीतली एक खोली. एक वजनकाटा, एक यंत्र,
चौतीस उत्पादकांची एक वही.
दूध येतं. मी त्यातलं फॅट बघतो.
गेली एकोणीस वर्षं एवढंच बघतो.

डोंगरावरून भिरू झोरे येतो, मोटरसायकलला दोन कॅन.
म्हशीचं आज सात पॉइंट दोन.
"लागलं रे!" मी म्हणतो,
आणि तो खिशातली तंबाखू मला पुढे करतो.
पाचाच्या खाली आलं की माणसं हिरमुसतात,
मग पाणी कोणी घातलं, तो वेगळा विषय.
माझ्या धंद्यात फॅट म्हणजे अब्रू.

म्हणूनच असेल,
सनिश पाचवीत बावन्न किलोचा झाला
तेव्हा मला कौतुकच वाटलं.
खात्यापित्या घरचा दिसतो.
चवथीला सगळे भाऊबंद त्याचे गाल ओढायचे.
वर्गातली मुलं त्याला 'कॅन' म्हणतात
हे मला फार उशिरा कळलं.

शाळेत तपासणी झाली. मग वाळपईला रक्त.
उपाशीपोटी नेला. गाडीवर माझ्या पाठीला टेकून
तो पोदेराच्या सायकलकडे वळून वळून बघत होता.
लॅबमधली प्रणिता ओळखीची,
तिच्या बापाचं दूध आमच्याकडेच येतं.
तिने नळी गरगर फिरवून आणली, उजेडात धरली.
वर पिवळसर, निवळ काही दिसेल असं वाटलं होतं.
दिसलं ते पांढुरकं, गढूळ,
कॅन विसळल्यावर पहिलं पाणी निघतं तसं.
"हे काय?"
ती जरा थांबली. "फॅट," म्हणाली.

यंत्र यायच्या आधी आम्हीही असंच करायचो.
दूध, अॅसिड, नळी, गरगर,
आणि नळीच्या मानेत चढलेला पिवळा थर.
किती हौसेनं वाचायचो तो.

ट्रायग्लिसराइड्स तीनशे चाळीस.
चांगलं कोलेस्टेरॉल एकतीस.
कागदावरचे रकाने माझ्या वहीतल्यासारखेच,
फक्त इथे वाढीव आकड्याला वाढीव दर नाही.

सुलक्षाने त्याच संध्याकाळी दूध बंद केलं.
दही, तूप, सगळं शेजारी देऊन टाकलं.
रात्री जेवताना माझ्याकडे अशी बघत होती
जणू मीच रोज पहाटे त्याच्या शिरेत ओतून येतो.

डॉक्टर मिनेझीस मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
किती पितो? दोन पेले.
साखर? दोन-दोन चमचे. आणि ती चॉकलेटी पावडर.
दुपारी? बेकरीचा क्रीमबन, बाटलीतला थंडा.
खेळतो? मोबाइलवर.
त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या,
"दुधाचं नक्की काय, ते मलाही सांगता येणार नाही.
कुणी वाईट म्हणतं, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही.
पेला राहू दे. त्यातलं बाकीचं काढा.
आणि पोराला चालवा. तीन महिन्यांनी या."

एकोणीस वर्षं दशांशात बोलणाऱ्या माणसाला
हे उत्तर पचायला जड गेलं.

आता तो पहाटे माझ्यासोबत येतो.
तीन किलोमीटर, चालत, चढणीला थांबत,
कुत्रं दिसलं की माझा शर्ट धरत.
भिरू त्याला रिकामे कॅन उचलू देतो.
"आमची पोरं ताक पिऊन डोंगर चढतात," म्हणतो,
आणि मग हळूच, "थोरल्याला बीपी लागलाय पण,
म्हापशाला नोकरीला गेल्यापासून."

काल यंत्राच्या नळीपाशी त्याने बोट धरलं.
"पप्पा, माझं किती?"
मी हसणार होतो.
वहीत चौतिसाव्या नावाखाली जागा होती.
पस्तिसावं नाव लिहिलं: सनिश. तारीख टाकली.
फॅटच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.
तो वाकून बघत होता, धाप अजून बसली नव्हती.
बाहेर टँकरने हॉर्न दिला.
चाळीस लिटरचा कॅन
आम्ही दोघांनी उंबऱ्यापर्यंत ढकलत नेला,
थोडं सांडलंही.