प्रश्न क्रमांक अकरा

मला तो आता झोपेतही पाठ आहे:
मागच्या आठवड्यात, सोमवार ते रविवार,
पैशासाठी किंवा वस्तूच्या मोबदल्यात
निदान एक तास तरी काम केलंत का?

हो म्हटलं की माणूस कामावर.
साठ मिनिटांचा उंबरठा आहे,
पलीकडे पाऊल पडलं की मोजणीत तुम्ही सुखी.
हे मी ठरवलेलं नाही. मी फक्त जिने चढते.
गळ्यात ओळखपत्र: एव्हान्थिया, तात्पुरती.

पेरामा चढावर वसलंय. खाली गोदी,
तिथल्या क्रेन दोन वर्षं समुद्राकडे बघत उभ्या,
मांडव घातला, पानं मांडली
आणि वऱ्हाडच आलं नाही, तशा.

झिसिस दार उघडतो. घरातच कोट घातलेला,
कारण हीटरच्या तेलावरचा कर वाढलाय.
वेल्डर. वय एक्कावन्न.
दोन्ही हात मांडीवर,
कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखे.

मी अकरावा प्रश्न वाचते.
तो छताकडे बघतो. खरं बोलणाऱ्यांना
आठवायला वेळ लागतो.
"बुधवारी पेलाजिया म्हातारीच्या बाल्कनीचा
कठडा जोडून दिला.
पैसे नको म्हटलं. तिने बळंच
ऑलिव्ह तेलाची बाटली हातात कोंबली."

किती वेळ लागला?

"काम वीस मिनिटांचं."
मी पेन उचलते.
"पण मी हळूहळू केलं.
खूप दिवसांनी ठिणग्या बघत होतो."

मग एक तास?
"तास. वर थोडा."

मी खूण करते.

"माझ्या एका बाटलीचं सरकार काय करणार?"
सांगते, जसं शिकवलंय तसं:
तुम्ही एकटे नाही धरत आम्ही,
तुमच्यामागे चारशे माणसं उभी असतात,
त्या सगळ्यांच्या वतीने तुम्ही बोलता.
तो खरंच मागे वळून बघतो.
भिंत. कॅलेंडर. बंद हीटर.
"मग त्या चारशेंना तेल मिळालं का?"

याला रकाना नाही.

तीन महिन्यांनी रेडिओवर कुणीतरी
घसा साफ करून सांगेल: बेकारी किंचित घटली,
उपाय लागू पडताहेत, आणखी थोडी कळ काढा.
तेव्हा मला दिसतील चारशे बाल्कन्या,
चारशे गंजके कठडे,
आणि एका बुधवारी सगळीकडून एकदम
उडालेल्या ठिणग्या.

माझाही पगार ऑगस्टपासून थकलाय.
आमच्या व्याख्येत थकलेला पगारही पगारच,
आणि मी कामावर. अगदी ठाम कामावर.
आईला हे समजावताना मी तीनदा अडखळले.

निघताना त्याने खोकल्याच्या औषधाच्या
रिकाम्या बाटलीत अर्धं तेल ओतलं.
लेबल अजून तसंच: दिवसातून तीन वेळा, एक चमचा.
उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही,
नियमावलीत पान चार.
घेतलं.

पायरीवर आले, घड्याळ बघितलं.
त्रेपन्न मिनिटं झाली होती.
खाली क्रेन जागच्या हलल्या नव्हत्या.
बाटली कोटाच्या खिशात धरून
मी आणखी सात मिनिटं
तिथेच उभी राहिले.