सदतीस नंबरचा कप्पा

नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत
फोन आत न्यायचा नाही.
दाराशी, माझ्या टेबलामागे
साठ कप्प्यांचं कपाट आहे.
पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात औषधं ठेवायचे त्यात,
अजून दमट दिवशी फळ्यांना टिंक्चरचा वास सुटतो.

पोरं सकाळी सातला येतात,
फोन ठेवतात, आत जातात,
प्लायच्या आडोशाला राज्यघटनेची कलमं पुटपुटत बसतात.
आणि कपाट
दिवसभर बोलत राहतं.

गुर्र. पाच नंबरला कर्ज मंजूर झालंय, न मागता.
गुर्र. अकराला कुणीतरी 'फक्त तुझ्यासाठी' म्हणतंय,
बाराला तेच, तेराला तेच.
बावीसला तासातासाला कुणी विचारतं,
"भूक लागली का?"
इतकं तर त्याची आईही विचारत नाही.
तिचा फोन रात्री नऊला. रिचार्ज असला तर.

मी वाचू नये, कळतं मला.
पण अंधाऱ्या कप्प्यात उजेड पडला
की मान वळतेच.

सदतीसमध्ये भागवत गिरामचा फोन.
पोरगा परभणीकडचा. काच कोपऱ्यात तडकलेली,
मागचं झाकण रबरबँडनं धरलेलं.
त्यावर एकच बूट यायचा.
निळा, पळायचा, आठ नंबर.
"तुमच्या बास्केटमध्ये काहीतरी राहिलंय."
"अजून विचार करताय?"
"शेवटचे दोन जोड."
तीन महिने, शेवटचे दोनच जोड.

फौजदारकीचं ग्राउंड जवळ आलेलं.
पहाटे तळजाईवर पळून तो थेट इकडे यायचा,
पायात दोनदा शिवलेले कॅनव्हासचे,
माझ्या पुसल्या फरशीवर मातीचे ठसे.
मी ओरडायचे.
तो मुकाट फडकं घ्यायचा.

एकदा मॅनेजमेंटची मुलगी आली, केतकी नाईकनवरे.
तिचं प्रोजेक्ट होतं, तरुण ग्राहक आणि मोबाइलवरच्या जाहिराती.
चहाच्या सुट्टीत तिनं भागवतला गाठलं.
जाहिरात पाहून वस्तू घ्यावीशी वाटते?
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
तो म्हणाला,
"ह्यात 'वाटतं, पण' असा रकाना न्हाई का?"

ती हसली. मग थांबली.
कागदाच्या कडेला बारीक अक्षरात काही लिहिलं.
"मग रोज बघतोस कशाला?"
"भाव उतरतो का बघतो. दोनशेनं उतरला.
अन् खरं सांगू का ताई,
ह्या पुण्यात मला नावानं बोलवणारा
तो बूटच हाय. 'भागवत, परत ये.'"
पोरं खिदळली. तोही.

त्या रात्री मी मुलाला सांगून
तो बूट माझ्या फोनवर काढला, नुसता बघायला.
किंमत वाचली.
बूट आहे का पाटली, म्हटलं,
आणि दिवा मालवला.

ग्राउंड झालं.
डिपॉझिटचे शंभर रुपये न घेताच भागवत गेला.
कुणी म्हणतं नाशकात ट्रेनिंगला आहे,
कुणी म्हणतं मांजरीत पार्सलं वाटतो,
कुणाच्या तरी बुटांची.
दोघंही शपथेवर सांगतात.

सदतीसमध्ये आता एका मुलीचा फोन असतो.
तिला दिवसभर कुणीतरी उजळ व्हायला सांगतं.

आणि मला, त्रेपन्न वर्षांच्या,
गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणाऱ्या बाईला
दुपारी तीनच्या सुमारास तो निळा बूट येतो.
"अजून विचार करताय?"

करते ना.

हे बंद कसं करायचं, पोरं दाखवतात.
मी म्हणते, असू दे.
आठ नंबर अजून शिल्लक आहे का
तेवढं बघते,
आणि फोन टेबलावर पालथा घालते.