नमुना क्रमांक चौदा

विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या.
एकीत आई, सूप, तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं.
दुसरीत मी, आणि कॉटखाली
अठ्ठावीस दगड, पेपरात गुंडाळलेले,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि आकडा.
पाहुणे आले की आई म्हणते, पोरीचं सामान आहे.
दगड म्हणत नाही.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. जिऑलॉजी.
यादगिरी मामाला तो अजून भूगोलच वाटतो.
"मग शाळेत लागशील ना?" विचारतो,
आणि मी "बघू" म्हणते,
कारण चहा गार होत असतो.

बोरामणीकडच्या खाणीत
मी लाव्ह्याचे थर मोजते, पाठीवर ऊन घेऊन.
खालचा काळा, मग वरचा काळा,
आणि मधे वीतभर भाजकी लाल माती.
दोन उद्रेकांमधला हा निवांत काळ, सर म्हणाले,
हजारो वर्षं इथं काहीच झालं नाही,
त्याची ही माती.

मला नायना आठवले.
माग भंगारात गेल्यावर
दोन वर्षं उंबऱ्यावर बसून होते,
येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टॉवेलची वीण बघत.
मग वॉचमनची नोकरी लागली, शिट्टी मिळाली.
तो थर मी वहीत काढलेला नाही.

एकदा आईनं विचारलं, किती जुना गं हा?
म्हटलं, साडेसहा कोटी वर्षं.
तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधली,
बोटाच्या टोकानं तोंड दुमडलं.
"हजार म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे," म्हणाली,
"हजार म्हणजे सकाळपासून मान वर न करणं.
कोटी तू सांग."
मला सांगता आलं नाही.

मे महिन्यात मामाच्या प्लॉटवर बोअर घ्यायची ठरली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला.
नारळवाल्या बाबानं तळहातावर नारळ धरला,
तो लिंबाखाली उभा राहिला.
मी डिपार्टमेंटचं मीटर आणलं, चार खुंट्या ठोकल्या,
आकडे मांडले, बोट दाखवलं कुंपणाकडे.
मामा भाचीच्या बाजूनं उभा राहिला.
चारशे वीस फूट.
नुसता भुकटा उडाला, राखाडी,
शेजारच्यांच्या वाळत टाकलेल्या पापडांवर बसला.
मामा काही बोलला नाही.
मी दर दहा फुटांचा भुकटा पिशव्यांत भरत बसले,
रडू नये म्हणून,
आणि खरंच, दोनशे दहाला तो लाल पट्टा सापडला.
घरी कुणाला सांगणार?

फॉर्म भरलाय. भूवैज्ञानिकाची परीक्षा, केंद्र पुणे.
लागले तर कुठंही टाकतील,
झारखंड, मेघालय, जिथं आपला काळा दगडच नाही.
नाही लागले तर हैदराबाद, पीएच.डी.,
तिथं निदान आईची भाषा चालेल.
श्रीधर म्हणतो, तू जा, मी आहे.
तो सतरा वर्षांचा आहे
आणि त्याला अजून गॅसची टाकी लावता येत नाही.
नायना फॉर्मची प्रिंट चष्मा लावून वाचतात,
इंग्रजी येत नसताना, शेवटपर्यंत,
मग घडी घालून माझ्याकडे देतात.

काल चौदा नंबर सापडेना.
पोकळ्यांत पांढरे स्फटिक असलेला, सगळ्यात चांगला,
पातळ चकती करायला उद्या पाठवायचा होता.
कॉट सरकवली, माळा पाहिला, श्रीधरवर ओरडले.
संध्याकाळी दिसला. आईच्या सुपाशेजारी,
ओल्या फडक्यावर वजन म्हणून,
खाली पानांची चळत, कडा वळू नयेत म्हणून दाबलेली.
"हा बरा बसतो," ती मान वर न करता म्हणाली,
"बाकीचे डुगडुगतात. सगळे लावून बघितले."

आकड्याचा ठिपका तंबाखूनं पिवळा झाला होता.

मी आत गेले, वही उघडली.
चौदासमोर लिहिलं: उपलब्ध नाही.
आणि रविवारी पुन्हा बोरामणीला जायचं,
असं ठरवून टाकलं.