अडीच तोळे

धनत्रयोदशी दोन दिवसांवर आली होती.
समुद्रात कुठेतरी वादळ फिरत होतं, त्याची शेपटी
आमच्या चोपड्यावरून घासत गेली.
जिनिंगच्या आवारात एका ढिगाची ताडपत्री वाऱ्याने फेडली
आणि हॅलोजनखाली तो कापूस
रात्रभर नुसता पांढरा.

मुबारक तडवीला ते पहाटे तिथंच सापडलं.
कापसात छातीपर्यंत रुतलेलं,
काळं, चिमणीहून थोडं मोठं,
शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा.
"हाई काय शे, भाऊ?" म्हणत
टोपीत घालून माझ्या काटाघरात आणलं.

मी ट्रॅक्टर मोजणारा माणूस.
सवयीने काट्यावर ठेवलं.
खिडकीशी लाल आकड्यांत शून्य.
साठ टनी काट्याला
वीस किलोच्या आतलं काही कळत नाही.

मग दुसाने सोनाराकडे, दुकान झाडत होता तेवढ्यात.
काचेच्या पेटीतल्या काट्यावर त्याने ते हळूच ठेवलं.
"अडीच तोळे, वर चार गुंजा," म्हणाला,
"मजुरी वेगळी."

उभं राहता येत नव्हतं त्याला.
काड्यांसारखे लांब पाय, पण बसायचं नडग्यांवर.
बोटांमधला पडदा पिवळा,
हळदीच्या हाताने कुणी शिवल्यासारखा.
चोचीवर एक नळी, तिच्यातून थेंब गळायचा.
"सर्दी हुई शे याले," मुबारक म्हणाला.

दुपारी कॉलेजच्या भारंबे मॅडम आल्या.
त्यांनी तो थेंब बोटावर घेतला,
आमच्यादेखत चाखला.
खारट.
सर्दी नाही, म्हणाल्या. हे समुद्र पितं
आणि मीठ नाकाने परत करतं.

आम्ही दोघं तापीकाठची माणसं. ऐकत राहिलो.

पृथ्वीच्या पार तळाशी, बर्फाच्या कडेला,
खडकाच्या भेगेत एकच अंडं.
आईबाप आलटूनपालटून, तेही अंधारातच येतात,
दिवसा मोठे पक्षी गिळतात म्हणून.
हजार बिळांतलं आपलं बीळ वासाने ओळखतात.
पिल्लू दोनदोन दिवस उपाशी, गार पडून राहतं,
मेल्यासारखं, पण मरत नाही.
तिकडे हिवाळा लागला की ही सगळी वर येतात,
आपल्या अरबी समुद्रापर्यंत,
आणि लाटांवर पाय आपटत
धड उडणं नाही, धड चालणं नाही, असं करत
बारीकसारीक वेचून खातात.

आणि जमीन? मी विचारलं.
अंड्यापुरती.

कापूस पाहून त्याला फेस वाटला असेल का?
ते ठरवता येत नाही, मॅडम म्हणाल्या.
उजेडाला भुलतात, एवढंच माहीत आहे.

रात्री गाठींचा ट्रक सुरतेला निघाला,
तापी जाते साधारण त्याच वाटेने.
पंडू सैंदाणेच्या केबिनमध्ये बुटाचं खोकं, भोकं पाडलेलं.
मॅडमनी कागद लिहून दिला:
गाणी लावू नयेत. बत्ती नको.
डुमसला अंधार असताना, अगदी पाण्याशी जाऊन.

साडेतीनला फोन आला.
लाटेचा आवाज मोठा होता, म्हणाला. चंद्र नव्हता.
झाकण काढलं, हाताला काहीतरी हलकं लागलं,
मग नुसतं खोकं.
पडलं की उडालं?
"भाऊ, अंधार होता ना."

माझ्या रजिस्टरात त्या तारखेला आवक आहे:
पाखरू, नग एक, अडीच तोळे.
जावकीचा रकाना
मी पेन्सिलीने भरलाय.

मुबारकने टोपी दोनदा धुतली.
वास जात नाही, जुन्या दिव्याच्या तेलासारखा.
आता ती काटाघरात खिळ्याला असते.
ट्रॅक्टरवाले पावती घ्यायला आत येतात,
नाक वर करतात,
विचारतात, मासळी आणली का रे कुणी?