काट्यावर न येणारं वजन

हंगाम संपला की जिनात दोघंच उरतो,
मी आणि सरकी.
प्रेस बंद, मालक सुरतेला,
पारोळा रोडवर ऊन पत्र्यासारखं वाजतं.

आधी नुसता आवाज आला.
रात्री, पोत्यांच्या थप्पीमागून,
कणीस कुरतडावं तसं
पुढच्या दातांनी
ती स्वतःलाच खात होती.

सकाळी पाहिलं:
शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढी जागा उघडी,
ओली, लालभडक,
कडेचे केस चिकटून काड्या झालेले,
आणि माशी बसायच्या आत
पुन्हा तिचं तोंड तिथंच.

भिला म्हणाला, "कपाशीनं औषध शे ना,
एक झाकन पानीम्हा टाक,
एक बी पिसू वाचाव नही."
मी म्हटलं, कुत्री बी नही.

अमळनेरच्या गुरांच्या दवाखान्यात
म्हशीच्या मापाच्या सुया.
शिरसाठ ड्रेसरनं सरकीचे केस उलटे फिरवले,
"पिसवा कुत्रीना आंगवर थोड्या,
पोताम्हा जास्ती शेतस."
मग चष्म्यावरून माझ्याकडे:
"औषध वजनावर राहतं. वजन किती?"

सत्तावीस वर्षं मी वजनच करतोय.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधला फरक पावतीवर.
पण आमचा काटा वीस किलोच्या खाली आंधळा.
सरकी त्याच्या मधोमध उभी राहिली,
चार पाय, एक जखम,
आणि केबिनच्या काचेतून मला दिसलं
लाल शून्य.

शेवटी भटू वाण्याच्या गुळाच्या काट्यावर
तिला कवेत घेऊन चढलो.
आधी दोघं.
मग मी एकटा.
साडेतेरा, भटू म्हणाला, पावती फाडू का?
घरी येताना लक्षात आलं,
या हिशोबात
रिकामा ट्रक मी होतो.

मशिनीच्या खणातली कात्री काढली.
सुलभा गेल्यापासून तो खण उघडला नव्हता.
जखमेभोवतीचे केस कापले,
उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात
कापूस बुडवला. कापसाची इथं काय कमी.
पहिल्या बोळ्याला ती गुरगुरली.
दुसऱ्याला माझं मनगट दातांत धरलं,
नुसतं धरलं.
तिसऱ्याला कान पाडले.
फणीत काळी रेव आली,
ओल्या कापसावर ठेवली तर
रेव लाल विरघळली.
तिचंच रक्त,
वाळवून तिच्याच अंगावर सांडलेलं.

मानेवर औषध, मोजून.
थप्पीखालची जुनी पोती भर दुपारी जाळली,
फरशीवर उकळतं पाणी, तीनदा.
आणि रंगाच्या बादलीचा बूड कापून
तिच्या गळ्यात.

पिसवेचा चावा मोहरीएवढा.
बाकीचं सगळं सरकीनं केलेलं.
हे मला समजावून सांगायला नको.
थोरल्या भावानं वाटणीच्या दिवशी
एकच वाक्य बोललं होतं,
तेही चहा पिता पिता.
अकरा वर्षं झाली.
माझ्या गळ्यात
कुणी बादली घातली नाही.

बादली घेऊन ती दिवसभर दारांना धडकायची,
पाण्याच्या भांड्याशी भांडायची,
माझ्याकडे बघायची ती
कर्ण्यातून बघितल्यासारखी.
रात्री कुरतडणं थांबलं,
तर मलाच झोप येईना.
दोनदा उठून बॅटरी मारली:
बादली वर-खाली होत होती,
श्वासाबरोबर.

विसाव्या दिवशी खपली आपोआप पडली.
सरकी अंगानं तांबडी,
पण त्या जागी केस उगवले ते पांढरे,
उडत आलेलं रूत चिकटावं तसे.

मी अजूनही
जाता-येता झटकायला जातो.
ती वळूनसुद्धा बघत नाही.