गोंदलदेव दुसरा

दिवसा मी धोबीतलावला, लघुवाद न्यायालयात
मयत भाडेकरूंच्या फायली लावतो.
शिरस्तेदार. हा हुद्दा अजून शिल्लक आहे
हे ऐकून लोक हसतात.
रात्री भांडुपला, बायको झोपली की
भाच्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर
साष्टी बेटाचं राज्य करतो. साल अकराशे बारा.
नकाशात बेट नखाएवढं,
त्या नखातच कुठेतरी आमची बिल्डिंग,
तिचा बंद पडलेला पंप.

घराण्याचं नाव मीच ठेवलं, खेकडे.
निशाणावर खेकडा, डावी नांगी मोठी.
मूळपुरुष कर्कटदेव शूर वगैरे होता,
त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
त्याचा मुलगा चंद्राला भ्यायचा,
पौर्णिमेला दरबार तळघरात.
नातवाने बोकडाला खजिनदार नेमलं
आणि खजिना, का कोण जाणे, दुप्पट झाला.
राणी बोपलदेवीने चार दीर मारले,
चौघेही पुरणाच्या दिंडांतून,
एकादशी मात्र एकही मोडली नाही.

मग गोंदलदेव दुसरा.
विसाव्या वर्षी पडद्यावर चौकट उघडली:
'महाराजांना वाटते की ते रांजण आहेत.
भरलेले. हळू हलवा, म्हणतात.'
खाली तीन पर्याय. मी दुसरा दाबला, कोंडून ठेवा.
वर्षभराने उशी, विश्वासू हुजऱ्या,
कट यशस्वी होण्याची शक्यता चौऱ्याऐंशी टक्के.
चहा गार व्हायच्या आत नवा राजा.
मला वाईट वाटलं नाही. का वाटावं?
त्याचा कारभाराचा आकडा दोन होता.

गेल्या मंगळवारी मिस हिल्डा परेरा, वय एकाहत्तर.
भाऊ साल्वादोर, मयत, खोली क्रमांक नऊ, पागडीची.
विरारचा पुतण्या रेशनकार्ड घेऊन उभा.
त्याचे वकील म्हणाले, तुम्ही मयतासोबत राहत होतात
याला पुरावा काय?
विजेचं बिल भावाच्या नावाचं. गॅस भावाच्या नावाचा.
बाईंनी पर्स उघडली, बंद केली.
म्हणाल्या, तो काळ्या फरशीवर पाय ठेवायचा नाय.
खाली पाणी आहे म्हणायचा.
एकतीस वर्षं.
कोण हसलं ते मी पाहिलं नाही.
पुढची तारीख पडली
आणि बाई पिंजऱ्यातून उतरून दाराकडे निघाल्या.
आमच्या कोर्टाची फरशी काळी-पांढरी आहे,
सतरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.
पांढरी. पांढरी. मग एक तिरकी ढांग,
हात बाकाच्या पाठीवर, पुन्हा पांढरी.
भाऊ जाऊन आठ महिने झालेले.

जबानीत हे आलं नाही.
चालण्याला रकाना नसतो.

त्या रात्री मी जुनी नोंद उघडली,
उशीच्या अलीकडची, कोंडण्याच्याही अलीकडची.
चौकट आली. तिसरा पर्याय
मी पहिल्या वेळी वाचलाच नव्हता:
'असू दे.'

महाग पडतंय. दर महिन्याला प्रतिष्ठा उणे पाच.
कल्याण फुटलं, मग चौल,
शूर्पारकच्या सामंताने तर निरोपही धाडला नाही.
बोकडाचा वंशजही गेला.
गोंदलदेव अठ्ठावन्नचा आहे, काठोकाठ भरलेला,
आणि काल त्याला ठाण्याहून माहीमला न्यायचं होतं.
घोड्यावरून दोन दिवस, पालखीतून अकरा.
पालखी म्हटलं.
काळाचा वेग पाचावरून एकावर आणला
आणि तो ठिपका खाडीच्या कडेकडेने सरकताना
बघत बसलो.

अडीचला बायको पाणी प्यायला उठली.
कोण जिंकतंय, तिने विचारलं.
कोणी नाही, म्हटलं, पण अजून
थेंब सांडलेला नाही.