जागल

बाबा माळ्यावर. खाली हरभरा, घाट्यावर आलेला.
नदीपल्याड औष्णिक केंद्राच्या चिमण्या
लाल दिवे मिचकावत उभ्या.
रात्री धूर दिसत नाही.
सकाळी दिसतो, पानांवरच्या आंबेत कालवलेला,
बोटाला खरखरीत, जिभेवर कचकच.

मी सुट्टीवर. दवाखान्यातला बिल्ला
काढून ठेवायचा विसरले, स्वेटरला तसाच.
‘हे काय व, कंडक्टरचा बिल्ला?’
‘मशीनचं ऊन मला किती लागलं, ते मोजतो.’
‘ऊन?’
‘न दिसणारं. आईला दिलं होतं ते.’

बाबा बिडी विझवतात.
पंचवीस वेळा दिलं होतं. गालापासून मानेपर्यंत
जांभळ्या शाईच्या रेघा.
यष्टीत बाया टक लावून बघायच्या,
तर आई म्हणायची, गोंदून आली मी नागपुरातून.
त्यानंतर सात वर्षं जेवली ती.
तिखट नाही, पण जेवली.

‘त्यातूनच लाईटबी होते म्हणते.’
‘तो खडा वेगळा. पण घराणं एकच.’
मी एक घाटा तोडून त्यांच्या तळहातावर ठेवला.
‘एवढासा असतो. त्यात एक टन कोळसा.’

एक टन म्हणजे किती टोपल्या
हे मला हिशेब करून सांगावं लागतं,
बाबांना नाही. वीस वर्षं सायडिंगवर वॅगन भरल्या त्यांनी.
ते घाटा कानाशी नेऊन हलवतात.
आत दोन दाणे.
‘धूर?’
‘नाही.’
‘राख?’

इथे मी थांबले.
पुस्तकात हे उत्तर एका ओळीत आहे.

‘राख नाही. पण जे उरतं ते टाकता येत नाही,
राखावं लागतं.
आधी पाण्यात, बरीच वर्षं.
मग काचेत मुरवून पोलादी डब्यात.
मग खोल जमिनीत.’
‘कवापर्यंत?’
‘हजारो वर्षं, बाबा.’

हाऽऽ हुर्रऽऽ!
त्यांनी डबा बडवला. बांधाशी काहीतरी हललं,
रोही असेल, नाहीतर वारा.

मग बराच वेळ ते बोललेच नाहीत.
मी सांगत राहिले, उगाचच,
दूरदेशी एक शहर एका रात्रीत रिकामं झालं,
फोटोत बघितलंय मी, शाळेत बाकांवर वह्या तशाच.
‘आपलं जुनं गाव नाई झालं का रिकामं?
तेथं तं काईच फुटलं नोतं.
नोटीस आली, बस.
शिवेवरचा शेंदराचा दगड कोणत्या ढिगाऱ्यात गेला,
सांगते का कोणी?’

नाही सांगत. मलाही माहीत नाही,
आणि तो दगड मी पाहिलेला आहे.

‘मी अडीचपर्यंत जागतो,’ बाबा म्हणाले.
‘मंग कवडू येते.
कवडू नाई आला का डुकरं येते.
येवढीच गोष्ट हाये जागलीची.
तुमच्या त्या डब्याले
हजार वर्षांनं कवडू कोण?’

‘पाट्या लावतात. लिहून ठेवतात.’
‘माह्या आजीची गोंडी तुले समजते का?’

चिमणीचा दिवा विझला, लागला.
त्याच विजेवर चालतो दवाखाना,
आणि उद्या राखेचा पापुद्रा
मीच झटकणार आहे वाळत घातलेल्या वड्यांवरून.
कोळसा बरा, असं माझ्या तोंडून निघत नाही.
तो खडा बरा, हेही
नुसतंच म्हणता येत नाही.

पावणेतीन झाले. तीन.
बाबा उतरले नाहीत. डोळे मिटत होते,
हात डब्यावर होता.
सव्वातीनला धुऱ्यावर बॅटरी हलली,
कवडू, मफलर कानाला, शिव्या खायच्या तयारीनं.
बाबांनी शिवी दिली नाही.
तो शिडी चढून पुरता वर येईपर्यंत
काठी सोडली नाही.

उतरताना म्हणाले, घाटे झाकून ने,
भाजून खाऊ.
बिल्ला तीन महिन्यांनी तपासायला जाईल.
त्यावर एक आकडा येईल,
त्यात ही रात्रसुद्धा थोडी असेल,
कुठली ते कळणार नाही कोणाला.